भिंतीवरची बाई

सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या त्या ब्लॉकमध्ये, दहाव्या मजल्यावर, आमच्या शेजारी दोन बायका राहायच्या. एक ॲग्नेस आंटी आणि दुसरी तिच्या भिंतीवरची. पहिलीला सगळा ब्लॉक ओळखायचा. दुसरीला मी ओळखत होते, निदान मला तसं वाटायचं. शाळेतून आल्यावर आई खाली मार्केटात गेलेली असली की मी आंटीकडे बसायचे, आणि माझ्यासाठी जी वेताची खुर्ची ठेवलेली होती तिच्या बरोब्बर समोर ती बाई टांगलेली होती. दुपारचं ऊन कॉरिडॉरमधून जाळीच्या दारावर यायचं, जाळीची नक्षी फरशीवर पडायची, ती हळूहळू सरकत भिंतीवर चढायची आणि चारच्या सुमारास त्या बाईच्या पायाशी पोचायची. तोपर्यंत माझा गृहपाठ झालेला असायचा किंवा नसायचा.

आमचं घर तीन खोल्यांचं. बाबा शेंटन वे या रस्त्यावरच्या एका बँकेत होते, सकाळी टाय बांधता बांधता ते चहा पीत आणि टायचं टोक हमखास बशीत बुडवत. आई पुण्यात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. लग्नानंतर इथं आली तेव्हा तिच्या इथं राहण्याच्या पासवर नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून तिच्या रंगांच्या बाटल्या एका चौकोनी डब्यात भरून माळ्यावर गेल्या आणि तिथंच वाळल्या. त्याबद्दल तिनं कधी कुरकूर केल्याचं मला आठवत नाही. फक्त मार्केटात मासे बघताना ती उगाच जास्त वेळ थांबायची. आमच्या घरात मासे शिजत नसत, त्यामुळे मासेवाला चिनी काका वैतागायचा. ती म्हणायची, "नुसता रंग बघतेय त्याच्या पोटावरचा. कसला गुलाबी आहे!"

घराचे आवाज अजून कानात आहेत. वरच्या मजल्यावर माहजाँग या चिनी खेळाच्या सोंगट्या ढवळल्या जायच्या, तांदळाच्या पाटीत खडे ढवळल्यासारख्या. खाली जुन्या सामानवाल्याचा भोंगा वाजायचा. आणि ब्लॉकच्या मागून मलेशियाची गाडी जायची. एकेरी रुळांची ती लाइन झाडीतून गेलेली होती, तारांवर निळे पक्षी बसलेले असायचे आणि गाडीनं शीळ घातली की आईच्या कुकरनं उत्तर दिल्यासारखं वाटायचं. आज त्या लाइनवर लोक सकाळी पळायला जातात. मी आता शहराच्या दुसऱ्या भागात, सेरंगूनला राहते, गुडघे दुखतात, तरी वर्षातून एकदा तिथं जाऊन उभी राहते. माझी लेक म्हणते, "आई, नथिंग देअर लाह." तिचं म्हणणं चुकीचं नाही.

ॲग्नेस आंटी युरेशियन होती. गोरी नाही, काळी नाही, नाक पोर्तुगीज, बोलणं अस्सल सिंगापुरी. मी तिचं बोलणं इथं मराठीत लिहिते आहे, पण वाचताना त्यावर थोडं 'लाह' आणि 'अय्या' भुरभुरून घ्यावं. सत्तरीला टेकलेली, लग्न केलेलं नाही, आयुष्यभर एका जहाज कंपनीत टायपिस्ट. तिच्याकडे एक केक व्हायचा, त्याला ती सुजी केक म्हणायची. आईनं पहिल्यांदा तो खाल्ला तेव्हा डोळे मिटून दोन क्षण चावला आणि मला म्हणाली, "अगं, हा तर रवा!" त्या दिवसापासून दोघींची मैत्री झाली. आईचं इंग्रजी तेव्हा तुटपुंजं होतं, आंटीला मराठी शून्य. पण रवा किती भाजायचा हे हातवाऱ्यांनी सांगता येतं. बाकीचं मी सांगायचे.

आता ते चित्र. जेवणाच्या ताटाएवढं असेल, काळ्या लाकडी चौकटीत. खडकावर उभी एक बाई, अंगावर फिकट पिवळसर वस्त्र, केस वाऱ्यानं मागे उडालेले. एक हात पुढे समुद्राकडे लांबवलेला, दुसऱ्या हातानं वस्त्र आवरून धरलेलं. तपकिरी शाईच्या बारीक रेषा होत्या आणि त्यात पाणीदार रंग. चेहरा अर्धा वळलेला, त्यामुळे ती रडते आहे की कोणाला हाक मारते आहे ते कळायचं नाही. मी वर्षभर त्यावर विचार करत होते. एका बाहीच्या कडेला निळसर डाग होता. मला वाटायचं, ती सावली असेल किंवा बुरशी असेल, कारण सिंगापूरच्या हवेत चपलेपासून पासपोर्टपर्यंत सगळ्याला बुरशी येते.

"आंटी, ही कोण?" मी एकदा विचारलं.

आंटी काजू चिरत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "माझी मम्मी."

"खरंच?"

"मी दोन वर्षांची होते तेव्हा ती गेली. पपा बोटीवर होता. ही त्याची वाट बघत उभी आहे. रोझनं सांगितलंय मला. रोझ म्हणजे माझी मोठी बहीण, पर्थला असते." मग जरा थांबून ती म्हणाली, "आमच्याकडे फोटो नाहीत, गर्ल. जपानी आले तेव्हा घर सोडलं, सगळं गेलं. हे तेवढं एका शेजारणीकडे राहिलं होतं म्हणून वाचलं."

खडकावर, अनवाणी, असल्या कपड्यात कोणाची मम्मी उभी राहील, हा प्रश्न मला पडला होता. पण तो तिला कधी पडला नव्हता का, हा त्याहून मोठा प्रश्न होता, आणि तो मी विचारला नाही. आज वाटतं, तिलाही पडला असणार. काही प्रश्न माणूस हाताशी ठेवून देतो, सोडवत नाही.

त्या वर्षी पाऊस फार झाला आणि चित्रातल्या बाईच्या गालावर खरीखुरी बुरशी आली. करड्या रंगाचे तीन ठिपके. आंटी हवालदिल झाली. एका सकाळी आमच्या जाळीच्या दाराशी येऊन तिनं थेट आईला विचारलं, "तू ड्रॉइंग टीचर होतीस ना? साफ करशील? कॅन ऑर नॉट?"

आई घाबरली. "वसू, तिला सांग, जलरंग आहे, पाण्याचा थेंब लागला तरी गेलं. दुसऱ्याची वस्तू, मी नाही हात लावणार."

मी सांगितलं. आंटी म्हणाली, "आईला सांग, मी दुकानात देणार नाही. माझ्या मम्मीच्या तोंडाला अनोळखी माणूस हात लावणार नाही."

हे मी आईला जसंच्या तसं सांगितलं. आईनं ओले हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि चित्र घेतलं.

जेवणाच्या टेबलावर जुनी धुतलेली चादर अंथरून आईनं चौकट पालथी ठेवली. पंखा बंद केला. मागचे गंजलेले खिळे ती पक्कडीनं एकेक करून काढत होती आणि मला एका वाटीत ठेवायला देत होती. तिचे हात असे मी कधी बघितले नव्हते. एरवी ती पोळ्या लाटताना भराभर लाटायची, बोलत बोलत. त्या दिवशी ती श्वास धरून काम करत होती. मागचा पुठ्ठा निघाला, मग काच बाजूला झाली, आणि चित्राच्या भोवती जी जाड कागदाची चौकट असते ती तिनं चाकूच्या पात्यानं हलकेच उचलली.

"अगंबाई," आई म्हणाली.

चित्र त्या कागदी चौकटीपेक्षा मोठं होतं. कोणीतरी लहान तोंडाच्या कागदी चौकटीत बसवण्यासाठी चारी बाजूंनी दोन दोन बोटं झाकून टाकलं होतं. झाकलेल्या भागातले रंग काल लावल्यासारखे ताजे होते, समुद्र एकदम हिरवा. आणि डाव्या कडेला, बाईनं हात केला होता नेमका त्या दिशेला, एक पक्षी उडत होता. निळी पाठ, नारिंगी पोट, लांब चोच.

"हा तर खंड्या!" आई जवळजवळ ओरडलीच. "पुण्याला नदीवर असायचा. हुबेहूब तोच. आणि हे बघ, वसू, इकडे बघ."

तिनं बोटानं दाखवलं, न टेकवता. बाहीच्या कडेचा तो निळा डाग ना सावलीचा होता, ना बुरशीचा. ती पिसं होती. एकेक पीस केसाएवढ्या ब्रशनं काढलेलं, मनगटापासून कोपरापर्यंत. बाईच्या हाताला पिसं फुटत होती.

मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, आई उठली नाही. ती लाटांवरचा फेस बघत होती. "बघ, इथं पांढरा रंग लावलेलाच नाही. कागद तसाच सोडलाय. किती धीराचा माणूस असेल! जिथं काही करायचं नाही तिथं काही केलं नाही त्यानं." खालच्या कडेला तपकिरी शाईत काहीतरी लिहिलेलं होतं, पण कसरीनं दोन्ही टोकं खाऊन टाकली होती. मध्ये एल, सी, वाय, ओ एवढी चार अक्षरं उरली होती.

मला रात्रीची झोप आली नाही वगैरे काही झालं नाही. मी छान झोपले आणि सकाळी शाळेत ती चार अक्षरं हातावर लिहून गेले. लायब्ररीतल्या बाईंनी माझा हात धरून तो चष्म्याजवळ नेला, विचार केला, मग विचारलं, "आणि पक्षी कुठला म्हणालीस?" खंड्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत होतं, मागच्या तारांवर रोज बसायचे ते. त्यांनी मला ग्रीक पुराणकथांच्या एका जाड पुस्तकापाशी नेलं, शेवटची सूची उघडली आणि बोट ठेवलं. अल्सायोनी. त्या नावाचं आणखी एक रूप होतं, सुरुवातीला एच लावलेलं.

गोष्ट अशी होती. अल्सायोनी राजाची बायको. राजा समुद्रावर निघाला, ती नको नको म्हणत होती. जहाज बुडालं. तिला कोणी कळवलं नाही, ती रोज देवळात जाऊन त्याच्या परतण्यासाठी प्रार्थना करत राहिली. देवांनाच ते बघवेना, म्हणून त्यांनी तिला स्वप्नात खरं काय ते दाखवलं. सकाळी ती धावत किनाऱ्यावर गेली तर लाटांवरून त्याचं शरीर येताना दिसलं. तिनं खडकावरून उडी घेतली आणि उडी घेता घेता ती पक्षी झाली. देवांनी त्यालाही पक्षी केलं. खंड्या. त्या पुस्तकात चित्रांबद्दल एक पान होतं, त्यावर लिहिलं होतं की राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमध्ये असल्या कथांची चित्रं काढायचं वेडच होतं. घरोघरी टांगायचे लोक. म्हणजे कोणी इंग्रज कुटुंब मायदेशी परत जाताना सामान विकून गेलं असेल आणि आंटीच्या पपानं ते घेतलं असेल.

मी घरापर्यंत पळत आले. लिफ्ट आठव्या मजल्यावर थांबायची, पुढचे दोन जिने मी उड्या मारत चढले. आईनं सगळं ऐकून घेतलं. कोरड्या मऊ ब्रशनं तिनं ठिपके काढले होते, कडा पावाच्या चुऱ्यानं पुसल्या होत्या, आणि चित्र सावलीत वाळत होतं. तिचा चेहरा आधी उजळला आणि मग हळूहळू बदलला.

"हे तिला सांगायचं नाही," ती म्हणाली.

"का? खरं आहे ना!"

"तिनं विचारलंय का? तिनं बुरशी काढायला सांगितलीय. बुरशी काढली. संपलं."

संध्याकाळी मी बाबांकडे दाद मागितली. बाबांनी टाय सोडत सोडत दोन्ही बाजू ऐकल्या. "वसूचं खरं आहे," ते म्हणाले. मग आईकडे बघून म्हणाले, "तुझंही बरोबर आहे." आणि पेपर घेऊन बसले. बँकेत ते निर्णय कसे घेत असतील याची मला तेव्हापासून काळजी वाटायची.

आईनं ती कागदी चौकट परत तशीच बसवली. पक्षी झाकला गेला, अक्षरं झाकली गेली. ते बघताना माझा जीव तुटत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी चित्र घेऊन गेलो. आंटीनं ते दोन्ही हातांनी घेतलं, खिडकीशी नेऊन गालावरची स्वच्छ जागा बघितली आणि आईचा दंड घट्ट धरला, एवढी खूश झाली. मग चित्र भिंतीवर लावता लावता तिनं सहज विचारलं, "आत काही सापडलं? मागे? रोझ म्हणायची पपाचं नाव असेल."

मी भाषांतर केलं. आई म्हणाली, "सांग, काही नाही."

मी आंटीकडे वळले. इथं मला खरं लिहायचं आहे, कारण पुढं आयुष्यभर मी स्वतःला सांगत आले की मला खोटं बोलवेना. तसं नव्हतं. चौदाव्या वर्षी एवढा मोठा शोध लावून तो पोटात ठेवणं मला जमत नव्हतं. मला मिरवायचं होतं. सत्याशी त्याचा संबंध योगायोगानं आला.

"आंटी, ती तुमची मम्मी नाही," मी म्हणाले.

आईला इंग्रजी फारसं येत नसलं तरी एवढं कळलं. तिनं माझा हात इतक्या जोरात दाबला की बांगडीचा वळ उठला. पण मी सुटले होते. राजा, जहाज, स्वप्न, उडी, पिसं, चार अक्षरं, सगळं सांगितलं. चौकट उघडून दाखवते, तिथं पक्षी आहे, असंही म्हणाले. आंटी पाठमोरी उभी होती, एक हात अजून चौकटीवर. मी थांबले तेव्हा तिनं चित्र थोडं तिरकं झालं होतं ते सरळ केलं.

"तो मेलेला आहे हे तिला कोणी सांगितलंच नाही?" तिनं विचारलं.

"नाही. स्वप्नात कळलं."

"ओके," आंटी म्हणाली. "आता घरी जा, गर्ल."

आमच्या मजल्यावर सगळ्यांची जाळीची दारं बंद आणि आतली लाकडी दारं उघडी असायची. वारा खेळता राहावा म्हणून. आंटीचं लाकडी दार त्या दिवशी लागलं. दुसऱ्या दिवशीही लागलेलंच. आतून रेडिओचा आवाज यायचा, तेवढ्यावरून ती बरी आहे हे समजायचं. आई मला एका शब्दानंही रागावली नाही. ती माझ्याशी बोलतच नव्हती. दुपारी मात्र एका डब्यात काहीतरी भरून माझ्या हातात द्यायची, एकदा साबुदाण्याची खिचडी, एकदा दडपे पोहे, आणि बोटानं समोरचं दार दाखवायची. मी डबा जाळीच्या आत सरकवून ठेवायचे. संध्याकाळी तो धुतलेला, रिकामा, आमच्या दाराशी असायचा. असे चार दिवस गेले. वेताच्या खुर्चीशिवाय माझा गृहपाठ होईना. मी काय केलं होतं ते मला हळूहळू कळत गेलं. तिच्याकडून मी काहीतरी काढून घेतलं होतं, आणि त्याच्या बदल्यात द्यायला माझ्याकडे एक ग्रीक राणी होती, जिचं तिला काही करायचं नव्हतं.

पाचव्या दिवशी डबा ठेवायला वाकले तर दार उघडलं. आंटीनं घरातला फुलाफुलांचा झगा घातला होता, केस विंचरलेले नव्हते. "तुझ्या आईला बोलव," ती म्हणाली. "आणि तू मला फोन लावून दे. पर्थचे आकडे बारीक आहेत, मला दिसत नाहीत."

आई आली. आंटी आणि रोझ गेली सहा वर्षं बोलल्या नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. रोझ म्हणायची इकडे ये, आंटी म्हणायची नाही येत. त्यावरून बिनसलं होतं. मी आकडे फिरवले. पलीकडे घंटा वाजली तेव्हा आंटीनं रिसीव्हर हिसकावूनच घेतला.

"रोझ? मी बोलतेय. तू मला खोटं का सांगितलंस?"

कुठलं खोटं, असं पलीकडून विचारलं गेलं असावं, कारण आंटी ओरडली, "चित्र! चित्रातली बाई!"

मग ती बराच वेळ ऐकत राहिली. मी आणि आई सोफ्याच्या कडेवर बसलो होतो. आंटीचा चेहरा आधी ताठ होता. मग ती खुर्चीत बसली. मग तिनं रिसीव्हरवर हात ठेवला आणि आम्हाला सांगितलं, जणू आम्हीच तिला विचारलं होतं. "ती म्हणते, मी आठ वर्षांची होते. तू रोज संध्याकाळी दाराशी जाऊन मम्मी मम्मी करून रडायचीस. कोणाचं ऐकायची नाहीस. मग एकदा मी तुला उचलून ते चित्र दाखवलं आणि म्हटलं, ही बघ मम्मी. तू गप्प झालीस. दुसऱ्या दिवशी तू स्वतःच त्याच्याकडे बोट दाखवलंस. मग मी काय करणार होते?"

मी आईच्या कानात मराठीत सांगत होते. आईनं पदर तोंडाला लावला.

आंटीनं रिसीव्हर पुन्हा कानाला लावला. मग तिनं जे विचारलं ते सत्तर वर्षांत तिनं बहिणीला एकदाही विचारलं नव्हतं. गरजच पडली नव्हती, उत्तर भिंतीवर होतं.

"रोझ, मम्मी दिसायची कशी?"

आणि मग ती एकेक शब्द मोठ्यानं म्हणू लागली, टायपिस्ट जशी सांगितलेलं पुन्हा म्हणून घेते तशी. "बुटकी. खूप बुटकी. सावळी, माझ्यापेक्षा. काय? दातात फट. पुढच्या. दंड जाड, बेकरीवाल्या बाईसारखे. हसली की बाक हलायचा चर्चमधला. रोझ, खरंच?" ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "भुवया जाड. एक वर, एक खाली. केस कुरळे, तेल लावून चपट बसवलेले."

मी आईला सांगत होते. बुटकी, फट, दंड, भुवया. एकाएकी आंटी थांबली आणि तिनं आईकडे बघितलं. रिसीव्हर कानाला तसाच.

"ड्रॉ," ती म्हणाली. "कॅन ऑर नॉट?"

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. भाषांतराची वाट बघितली नाही. "कॅन," आई म्हणाली. "पेन्सिल आण, वसू."

माझ्या भूमितीच्या पेन्सिलीनं आणि वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर ते चित्र सुरू झालं. रोझ पर्थहून सांगायची, आंटी मला सांगायची, मी आईला सांगायचे, आई काढायची आणि पान उलटं करून आंटीला दाखवायची. आंटी बघून हताश व्हायची, "मला काय माहीत बरोबर आहे की नाही? मी बघितलंय कुठं!" जिनं बघितलं होतं तिला दिसत नव्हतं. शेवटी आंटीनं ते पान पाकिटात घालून पोस्टात टाकलं.

दहा-बारा दिवसांनी ते परत आलं. रोझनं लाल पेनानं शेरे मारले होते, शाळामास्तरणीसारखे. हनुवटी लहान. कान मोठे, फार मोठे. ही बाई चांगल्या वळणाची वाटते, मम्मी तशी नव्हती. या शेवटच्या शेऱ्यावर आई दिवसभर विचार करत होती. माळ्यावरून तो चौकोनी डबा खाली आला, वाळलेल्या बाटल्या फेकल्या गेल्या आणि बाबांनी बुगिसच्या बाजारातून नवा ब्रश आणि चांगला कागद आणला. दुसरं चित्र गेलं. परत आलं. तिसरं गेलं, परत आलं, त्यावर एकच शेरा होता, "ती अशी गप्प कधी बसायची नाही." चौथ्यात आईनं तोंड उघडं काढलं, काहीतरी बोलता बोलता हसू फुटल्यासारखं, मान मागे, फट दिसते आहे, एक हात कोणाला तरी मारायला उचललेला. आंटीनं ते आमच्या टेबलावर बघितलं, ठीक आहे म्हणाली, आणि पाकिटात घातलं.

ते परत आलंच नाही. तीन आठवडे झाले. आंटी टपाल पेटीपाशी दिवसातून दोनदा जायची. शेवटी फोन आला. मी तिथंच होते, वेताच्या खुर्चीत.

"काय म्हणजे ठेवून घेतलंस?" आंटी कडाडली. "ती माझी पण मम्मी आहे!" मग ऐकलं. मग म्हणाली, "तुला आठवते तरी! मला द्यायला हवं ते!" आणि फोन आपटला.

आईनं लगेच सांगितलं, मी पुन्हा काढते, मला पाठ झालंय. मी आंटीला ते सांगितलं. तिनं मान हलवली. "तुझी आई काढेल ते दुसरं असेल, गर्ल. रोझनं हो म्हटलेलं ते आहे. तेव्हा मी नीट बघितलंच नाही. मला माहीत होतं का, की तीच आहे म्हणून?"

ती गेली. वयाच्या सत्तराव्या वर्षी, पहिल्यांदा विमानात बसून, जिला इतकी वर्षं येत नाही म्हणाली होती त्या बहिणीकडे, पर्थला. चांगी विमानतळावर आम्ही तिघं सोडायला गेलो. ग्रीक राणी तिनं आमच्याकडे ठेवली होती, आईनं ती तोवर नव्या, मोठ्या चौकटीत बसवली होती, पक्ष्यासकट. आंटीच्या हातात फक्त एक पर्स आणि रव्याच्या केकचा डबा होता.

दोन दिवसांनी पर्थहून फोन आला. लाइनवर खरखर होती आणि मागे दुसरी कोणी म्हातारी सतत बोलत होती. आई माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली. "विचार ना, कसं वाटलं तिला. बरोबर आलंय का?"

मी विचारलं.

"रोझ म्हणते तुझ्या आईनं तिला जरा जास्तच जाड काढलंय," आंटी म्हणाली. मागची म्हातारी काहीतरी ओरडली. आंटीनं तिला मध्येच तोडलं, आणि मग मला, ठाम आवाजात, "मी तिला सांगितलं, नाही. मम्मी तशीच होती."